ठाण्यात धावायचं तर घड्याळ आणि तिथी दोन्ही बघा

ठाण्यात धावायला चांगला रस्ता कुठला, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, किती वाजता निघणार? रस्त्याचं नंतर बघू. आपल्याकडे एकच रस्ता सकाळभरात तीनदा रूप बदलतो. पोखरण रोड नंबर १ पहाटे पावणेसहाला इतका शांत असतो की स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू येतो. साडेसातला तिथेच शाळेच्या बसगाड्या, दुधाचे टेम्पो आणि रिक्षा यांची दाटी होते. नऊ वाजता त्या रस्त्यावर धावायचं मनातही आणू नका. येऊरच्या डोंगराचं तसंच, खाडीकाठाचं तर त्याहून जास्त, कारण खाडीला स्वतःचं घड्याळ आहे आणि ते रोज पाऊण तासाने पुढे सरकतं.

मी पाचपाखाडीत राहते आणि गेली अकरा वर्षं या शहरात धावते. रस्ते आवडते असले तरी मी त्यांची यादी देणार नाही. कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी, किती तयारीने कुठे जायचं, ते क्रमाने सांगते. अगदी नवखे असाल तर सुरुवातीपासून वाचा. दहा किलोमीटर आरामात होत असतील तर येऊरपासून सुरू केलंत तरी चालेल.

आधी उजेडाचं गणित

जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सहा वाजता. म्हणजे पावणेसहाला बाहेर पडलात तर जूनमध्ये समोरचा खड्डा दिसतो, जानेवारीत मिट्ट काळोख असतो. सव्वा तासाचा हा फरक लक्षात न घेता बारा महिने एकाच वेळी एकाच रस्त्याने धावणारे लोक मी बघते, आणि पाय मुरगळून बसतात तेही बहुतेक तेच. थंडीत पहाटे निघायचं तर दिव्यांचा रस्ता धरा. झाडीचा रस्ता थंडीत सातनंतर आणि उन्हाळ्यात सहाला.

दुसरं गणित घामाचं. आपल्याकडे ऊन एकटं येत नाही, दमट हवा बरोबर घेऊन येतं. घाम येतो, पण सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग गार होत नाही. म्हणून एप्रिल-मे आणि ऑक्टोबर या तीन महिन्यांत घड्याळातला वेग विसरा, श्वास बघा. शरीराला उष्म्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस अंतर कमी ठेवा. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांचे लांब पल्ल्याचे रविवार नेमके ऑक्टोबरात सुरू होतात आणि तिथेच पुष्कळ जण खचतात. त्यात नवल काही नाही, ते हवेचं काम आहे. डिसेंबरात त्याच पायांनी तुम्ही सहज पुढे जाता. मात्र धावताना डोकं गरगरलं, अंगावर काटा आला, बोलताना शब्द चुकायला लागले, तर त्या क्षणी थांबा, सावलीत बसा, मानेवर-काखेत गार पाणी लावा आणि बरोबरच्या माणसाला सांगा. सुधारणा दिसली नाही तर १०८ ला फोन. ‘एवढा एक किलोमीटर संपवते’ हा विचार त्या वेळी जिवावर बेतू शकतो.

हिवाळ्यात आणखी एक अडचण असते. पहाटेची हवा गार आणि जड असते, धूर वर जात नाही, रस्त्यालगतच साचून राहतो. घोडबंदर रोड आणि पूर्व द्रुतगती महामार्ग यांच्या कडेने थंडीत धावू नये, असं माझं ठाम मत आहे. घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ आहे, शिवाय रात्रभर अवजड गाड्या चालू असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ अ‍ॅप फोनमध्ये ठेवा, निघण्याआधी बघा. हवा वाईट असेल त्या दिवशी घरात पाठ-पोटाचे व्यायाम करा, एक दिवस धावलं नाही तर काही बिघडत नाही.

पहिले दोन महिने कचराळी

महापालिका मुख्यालयासमोरचा कचराळी तलाव ही ठाण्यातल्या बऱ्याच धावणाऱ्यांची बालवाडी आहे. तळ्याभोवती चालायची वाट आहे, दिवे आहेत, आणि पहाटे साडेपाचपासून माणसं असतात. एकट्या बाईने अंधारात कुठे धावावं, या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर कचराळी हेच आहे. तिथे दोन आठवडे नेमाने गेलात की ज्येष्ठ मंडळी तोंडओळखीची होतात, आणि तिसऱ्या आठवड्यात एक दिवस चुकलात तर ‘काल दिसला नाहीत’ असं विचारतात.

फेरी लहान आहे, म्हणून अंतर मोजत बसू नका, मिनिटं मोजा. पहिले दोन आठवडे एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं धाव, दोन मिनिटं चाल. पाचव्यापासून पाच मिनिटं धाव, एक मिनिट चाल. आठव्या आठवड्याच्या शेवटी सलग वीस-पंचवीस मिनिटं धावता यायला लागतं. आठवड्यातून तीन दिवस पुरे, एकाआड एक. रोज धावलंच पाहिजे ही हौस पहिल्या महिन्यात नडगीचं दुखणं घेऊन येते.

वेग बरोबर आहे का हे तपासायला मी तेराचा पाढा म्हणते. धावता धावता मोठ्याने, तेर एके तेर. पाच-सहाच्या पुढे जाण्याआधी धाप लागली तर वेग जास्त आहे. एकशेतीसपर्यंत एका लयीत पोचलात तर बरोबर. पाढाच येत नसेल तर दुसरं काहीही म्हणा, पण मोठ्याने. मनातल्या मनात म्हटलेलं श्वासाला कळत नाही.

वाट अरुंद आहे, तेव्हा चालणाऱ्यांचा हक्क पहिला. मागून जाताना दोन पावलं आधी ‘काका, उजवीकडून जाते’ म्हणा. अचानक कानाजवळून कुणी धावत गेलं तर वयस्कर माणूस दचकतो, तोल जातो.

तलावपाळीलाही बरेच जण धावतात. मासुंदा तलावाची ती फेरी, मधलं महादेवाचं देऊळ, पलीकडे कौपिनेश्वर, गडकरी रंगायतन, हे सगळं पहाटे फार सुंदर दिसतं यात शंका नाही. पण स्टेशन जवळ असल्यामुळे सहानंतर तिथे वाहतूक चालू होते. मी तलावपाळी रविवारसाठी ठेवते. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आणि दिवाळीची पहिली पहाट या दोन दिवशी मात्र तिकडे धावायला जाऊ नका. त्या दिवशी नवे कपडे घालून गर्दीत सामील व्हायला जा.

चार किलोमीटरचा चढता रस्ता: कचराळी ते उपवन

सलग अर्धा तास होऊ लागला की कचराळीबाहेर बघायला हरकत नाही. कचराळीवरून निघून कॅडबरी जंक्शनला महामार्ग ओलांडायचा आणि पोखरण रोड नंबर १ धरून वर्तकनगरवरून थेट उपवन तलावापर्यंत जायचं. साधारण चार किलोमीटर. कॅडबरीला सिग्नल हिरवा असला तरी धावत ओलांडू नका, चालत जा. पहाटे रिकाम्या महामार्गावर गाड्यांचा वेग सर्वात जास्त असतो आणि ड्रायव्हर रात्रभर जागलेला असतो.

रस्ता जाताना किंचित चढता आहे. डोळ्यांना तो चढ दिसत नाही, पोटऱ्यांना कळतो. जाताना मुद्दाम हळू जा, येताना तोच रस्ता परतफेड करतो. फुटपाथ सलग नाही, म्हणून समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजव्या कडेने धावा. कानात गाणी नकोत. कुत्र्यांची टोळी दिसली तर आधीच चालायला लागा, नजरेला नजर देऊ नका, हात खाली ठेवा. धावणाऱ्या पायांच्या मागे लागणारं कुत्रं चालणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा दुर्लक्ष करतं.

उपवनला सूर्योदयाच्या पाच मिनिटं आधी पोचायचं, हे जमवा. तलाव डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि डोंगर पश्चिमेला. त्यामुळे सूर्य तुमच्या पाठीमागे शहरावर उगवतो आणि ऊन आधी येऊरच्या माथ्यावर पडतं. तिथून ते हळूहळू झाडांवरून खाली उतरत येतं. वरची झाडं सोनेरी, मधली हिरवी, पायथ्याची अजून काळी, आणि हे सगळं पाण्यात उलटं. दहा-बारा मिनिटांत ऊन तळ्यापर्यंत येतं आणि सगळं साधं दिसायला लागतं. मी तेवढा वेळ थांबते, पाय ताणून घेते. घड्याळही थांबवते. माझ्या मते हा त्या धावेचाच भाग आहे.

पाणी प्या, पण तहानेइतकंच. नुसतं पाणी लिटरभर ढोसणंही चांगलं नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं. तासाभराच्या पुढची धाव असेल तर लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी बरोबर ठेवा. कोकम सरबतात मीठ घालून नेलंत तर त्याहून उत्तम. परतीच्या चार किलोमीटरला पाय उचलत नसतील तर रिक्षाने या. खिशात पन्नास-शंभराची नोट प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवायची सवय लावा. फोन घामाने किंवा पावसाने बंद पडला तर तीच कामाला येते.

येऊर: पाहुण्यासारखं जा

उपवनहून वर गावापर्यंतचा रस्ता साधारण साडेतीन-चार किलोमीटरचा. ठाण्यात याच्या तोडीचा रस्ता नाही. वळणं, दोन्ही बाजूंनी झाडी, मधूनच खाली शहर. पण हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि आपण दुसऱ्याच्या घरात शिरतो आहोत, हे विसरून चालत नाही. खाली वनखात्याचा नाका आहे. रात्री फाटक बंद असतं, पहाटे फार लवकर गेलात तर थांबवतात. हुज्जत घालू नका. ते थांबवणं तुमच्यासाठीच आहे.

बिबट्या पहाटे आणि संध्याकाळी, अर्धवट उजेडात जास्त हिंडतो. म्हणून नियम सोपा आहे: पूर्ण उजाडल्याशिवाय वर नाही, एकट्याने नाही, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर तर नाहीच. दोघं-तिघं असा, गप्पा मारत जा. बुटाची नाडी बांधायला झाडीच्या कडेला खाली वाकून बसू नका, बसलेलं माणूस लांबून लहान जनावरासारखं दिसतं. नाडी रस्त्याच्या मध्यावर, सोबत्याला शेजारी उभं करून बांधायची. बिबट्या दिसलाच तर पळायचं नाही. उभं राहायचं, हात वर करून मोठं दिसायचं, मोठ्याने बोलायचं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे मागे यायचं. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे, तो फोनमध्ये ठेवा. अकरा वर्षांत मला बिबट्या एकदाही दिसलेला नाही. त्याने मला किती वेळा पाहिलं असेल ते त्यालाच ठाऊक.

आता चढाचं तंत्र. पाऊल आखूड करा, जवळजवळ निम्मं. टाच टेकवायची गरज नाही. नजर चार-पाच मीटर पुढे, शिखराकडे नको. वेग पडणारच, पडू द्या. श्वासाची तीच पाढ्याची परीक्षा घ्या. वळणावर पाढा तुटला तर पुढच्या वळणापर्यंत चाला. चालण्यात कमीपणा नाही, चढावर चालणारा पुष्कळदा धावणाऱ्याच्या दहा पावलंच मागे असतो आणि माथ्यावर त्याच्यापेक्षा ताजा पोचतो. मुंबई मॅरेथॉनमधला पेडर रोडचा चढ ज्यांना छळतो त्यांनी सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत पंधरवड्यातून एकदा येऊर करावा. पेडर रोड मग किरकोळ वाटतो.

खरी कसोटी उतरताना आहे. चढ फुप्फुसांना दमवतो, उतार मांड्या फोडतो. मागे रेलून पाय पुढे टाकत, ब्रेक लावत उतरलं की प्रत्येक पावलाचा धक्का गुडघ्यात जातो. अंग किंचित पुढे, पावलं लहान आणि भराभर, हात जरा बाहेर, तोलासाठी. पहिल्या वेळी वरून चालत खाली या. दुसऱ्या वेळी अर्धा उतार धावा. तिसऱ्या वेळेपर्यंत मांड्यांना सवय होते. उन्हाळ्यात वेळेचं भान जास्त लागतं. डोंगराचा हा अंग पूर्वेकडे आहे, मार्चपासून आठ वाजता रस्त्यावर थेट ऊन येतं. तोपर्यंत खाली उतरलेलं असावं.

वरच्या पाड्यांमध्ये वारली कुटुंबं राहतात. त्यांच्यासाठी हा रोजचा कामाचा रस्ता आहे. सकाळी बायका डोक्यावर टोपल्या घेऊन ठाण्याच्या बाजारात जायला उतरत असतात. मे महिन्यात करवंदं-जांभळं, पावसाच्या तोंडावर शेवळं, पुढे टाकळा, कुरडू, कंटोळी. तुम्ही मध्यभागातून टोळक्याने धावत आलात तर डोक्यावर ओझं असलेल्या बाईला कडेला व्हावं लागतं. ते बरं दिसत नाही. आपण कडेला व्हायचं. येताना शेवळं घेतलीत तर बरोबर काकडं किंवा आंबट पाला मागून घ्या, नाहीतर घशाला खाज सुटते, त्या सांगतातच. माकडांना काही देऊ नका, एक कागदही वर टाकू नका. हवाई दलाच्या केंद्राच्या बाजूला भटकू नका, तिकडे फोटोही नको.

कचराळीवरून निघून येऊर गाव करून परत आलात तर सोळा किलोमीटरच्या आसपास भरतात. अर्ध मॅरेथॉनची, म्हणजे २१.०९७ किलोमीटरची तयारी असेल तर याच्याइतका चांगला रविवार शोधून सापडणार नाही.

पावसात काय बदलायचं

पावसाळ्यात ठाणेकराने धावणं बंद करू नये. महापालिकेची वर्षा मॅरेथॉन भर पावसात होते ती उगीच नाही. हवा गार असते, ऊन नसतं, पाय हलके पडतात. पण रस्ता बदलतो.

तीन वर्षांपूर्वी जुलैत मी येऊरच्या उतारावर पडले. पाऊस थांबला होता, रस्ता काळा आणि स्वच्छ दिसत होता. डाव्या कडेला, वरून ओघळ येतो तिथे, हातभर रुंदीचा पट्टा जरा जास्त गडद होता. मला तो ओलावा वाटला. तो शेवाळ होता, बारीक, केसासारखा, वरून पाण्याचा पातळ थर. पाय टेकला आणि गेलाच. हात टेकून पडले, मनगट सहा आठवडे पट्ट्यात. आजही तो पट्टा मला बरोबर ओळखता येतो: कोरड्या डांबराला खडबडीत चमक असते, शेवाळ मात्र चमकत नाही, मखमलीसारखं उजेड पिऊन टाकतं. जिथे रस्ता मखमली दिसतो तिथे पाऊल टाकू नका. जुलै-ऑगस्टमध्ये येऊर चढा, पण उतरताना चाला. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि तलावांभोवतीच्या गुळगुळीत फरश्या यांचंही तसंच.

साचलेल्या पाण्यातून धावू नका. खाली झाकण आहे की नाही ते कळत नाही. पायाला खरचटलेलं असताना अशा पाण्यात गेलात तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवून गोळी लागते का ते विचारा, ताप यायची वाट बघू नका. ओले कपडे घासून साल निघते, म्हणून काखेत, मांड्यांत, पायाच्या बोटांत आधीच व्हॅसलिन लावा. पुरुषांनी छातीलाही. बूट धुतल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे. पंख्याखाली सकाळपर्यंत सुकतात. उन्हात किंवा गिझरजवळ ठेवू नका, तळ सुटतो.

खाडीकडे: इथे तिथी लागते

ठाण्याहून धावत नव्हे, लोकलने जा. फलाट ९ किंवा १० वरून पनवेलची ट्रान्स हार्बर गाडी पकडून सीवूड्स-दारावेला उतरायचं. तिथून पामबीच मार्गाच्या दिशेने गेलं की खाडीची पाणथळ सुरू होते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. थंडीपासून मेपर्यंत इथे फ्लेमिंगो असतात, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मोजणीत ते लाखाच्या वर भरले आहेत. तरीही पुष्कळ जण जातात आणि रिकामं पाणी बघून येतात, कारण भरती-ओहोटी बघितलेली नसते.

फ्लेमिंगो ओहोटीला खाडीच्या उघड्या चिखलावर चरतात. भरतीचं पाणी चढलं, चिखल बुडाला की ते उठून नेरुळच्या आतल्या तळ्यांवर येतात, डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर, एनआरआय संकुलामागे, टी. एस. चाणक्य या जहाज-प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला. म्हणजे भरतीला पक्षी जवळ, ओहोटीला लांब.

भरती कधी, हे काढायला आपल्या कोळी-आगरी लोकांचा आणि साऱ्या कोकणाचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. खाडीत आत पाणी पोचायला आणखी अर्धा-पाऊण तास धरा. सकाळी धावणाऱ्यासाठी याचा अर्थ असा निघतो: दशमी, एकादशी, द्वादशीला साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान पाणी भरलेलं असतं आणि पक्षी तळ्यांवर. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी सहा-सातला ओहोटी, तेव्हा वाशीच्या सागर विहारला जा, दूरवर उघडा पडलेला चिखल आणि त्यावर गुलाबी रेघ दिसते. अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही, त्या दिवशी पक्षी बघायच्या आशेने जाऊ नका, नुसतं धावायला जा.

एकादशीच्या सकाळी तळ्याकाठी मी कितीतरी वेळ उभी राहिले आहे. लांबून ते गुलाबी वाटतात, जवळून तसे नसतात. पिल्लांचा रंग राखाडी-मळकट असतो. चोच उलटी करून, डोकं जवळजवळ पायांमध्ये घालून, ते पाणी चाळत पुढे सरकतात. एकाने मान वर केली की शेजारचे चार-पाच वर करतात. धावत काठाजवळ गेलं की सगळा थवा आत सरकतो, म्हणून शंभर-दोनशे मीटर आधीच चालायला लागा आणि रस्त्यावरूनच बघा. पाण्यात दगड टाकून त्यांना उडवून फोटो काढणारे लोक असतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवा, मी थांबवते.

डीपीएसच्या तळ्यापासून चाणक्यवरून पुढे नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईपर्यंत यायचं, तिथे तळ्याभोवती फेऱ्या मारायच्या आणि नेरुळ स्टेशनला शेवट. फेऱ्यांवर अंतर हवं तेवढं वाढवता येतं. ज्वेलचं तळं हा शोभेचा तलाव नाही, तो धारण तलाव आहे. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून सिडकोने असे तलाव राखले. भरतीला खाडीकडची झडप बंद, शहराचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडप उघडून बाहेर जातं.

पामबीच मार्गाबद्दल मात्र हात जोडून सांगते, मुख्य रस्त्यावर धावू नका. रस्ता रुंद, सरळ, मोकळा, आणि म्हणूनच गाड्या बेफाम. आतल्या रस्त्यांनी जा, ओलांडायचं ते फक्त सिग्नलला. संध्याकाळी पश्चिमेला खाडीवर सूर्य बुडताना दिसतो, तेही ज्वेलच्या आणि वाशीच्या मिनी सीशोअरच्या बाजूने बघा, डांबराच्या कडेने नको.

बेलापूरचा पारसिक हिल हा येऊरचा धाकटा भाऊ, चढ कमी, वस्तीतला रस्ता, जंगलाची धास्ती नाही. येऊरच्या आधी सराव म्हणून चांगला. खारघरचं सेंट्रल पार्क सपाट आणि ऐसपैस आहे, लहान मुलांना बरोबर न्यायचं असेल तर तेच. पांडवकड्याला पावसात धावत जाऊ नका, तिथे बुडून माणसं गेली आहेत आणि बंदी त्यासाठीच असते.

महिना कसा आखायचा

स्वयंपाकघरातली दिनदर्शिका आणि पेन्सिल घेऊन बसा. आधी रविवारांच्या तिथी बघा. रविवारी दशमी ते द्वादशीपैकी काही असेल आणि महिना डिसेंबर ते मे असेल, तर तो रविवार नेरुळचा. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचा रविवार सागर विहारचा. उरलेल्यांतला एक येऊरचा, आणि त्याच्या पुढचा रविवार हलका, तलावपाळीला चार फेऱ्या आणि मिसळ. आठवड्यातले मधले दोन दिवस कचराळी किंवा उपवन, जसा उजेड असेल तसं.

लांब पल्ला दर आठवड्याला थोडाच वाढवा, आणि चौथ्या आठवड्याला कमी करा. पूर्ण मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर, धावायची असेल तर त्याआधीची सर्वात लांब धाव बत्तीस-चौतीस किलोमीटरपर्यंत जाते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली ते अंतर चौतीस किलोमीटरचंच. डिसेंबरातल्या त्या एका रविवारी मी कचराळी, उपवन, येऊर, परत उपवन आणि तलावपाळीच्या फेऱ्या असं जोडून तेवढं अंतर भरते, आणि शेवट ठाणे स्टेशनजवळ करते.

आदल्या रात्री दाराजवळ ठेवायच्या वस्तू: बूट, मोजे, व्हॅसलिन, सरबताची बाटली, दोन खजूर किंवा चिक्कीचा तुकडा, नोट, आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. कुठल्या रस्त्याने जातोय आणि कितीला परत येणार, हे घरी सांगून निघा. येऊरला जाणार असाल तर सोबत्याला रात्रीच फोन करून वेळ पक्की करा. तो सकाळी आला नाही, तर त्या दिवशी वर न जाता उपवनला फेऱ्या मारायच्या.